लहूभाऊ आणि ऑफिसचा प्रिंटर

आमच्या ऑफिसात कागद छापणं म्हणजे देवदर्शनापेक्षा कठीण. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढल्या की निदान गणपती तरी समोर असतो. इथे समोर लहूभाऊ असतात.

लहूभाऊ मूळचे खोडदचे. मंचरला आमच्या द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत ऑफिसची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. पण जीव प्रिंटरवर. सगळ्यांचे कॉम्प्युटर त्या एकाच प्रिंटरला जोडलेले. आपण टेबलावरून कागद सोडायचा, उठून तिथवर जायचं, आपला पिन दाबायचा, मग ते महाराज कागद बाहेर टाकणार. पिन सारखा चुकला की कुलूप! ते उघडायचा पासवर्ड एकट्या लहूभाऊंना ठाऊक, आणि तो टाकताना ते असे आडवे उभे राहतात, जणू पंगतीत कुणी त्यांचं ताट पळवणार आहे.

"अहो, पेटीवर चिकटवायचं लेबल आहे ते! त्याला कसला आलाय पिन?" मी एकदा भडकलोच.

"राव, मशीनच्या पोटात डिस्क असती. छापल्यालं समदं तिथं ऱ्हातं. आज लेबल, उद्या तुमचा पगार. मान्सं इसरत्यात, मशीन न्हाई इसरत."

रोज संध्याकाळी त्या डिस्कमधलं सगळं पुसल्याशिवाय हा माणूस घरी जात नाही. घरी मेंढरं आहेत. "मेंढरं जाळीत कोंडल्याबिगर आमच्यात कुणी जेवत न्हाई," म्हणतात. आता मेंढरांचा आणि प्रिंटरचा काय संबंध, कप्पाळ!

एकदा खुद्द साहेबच पिन विसरले. शेजारी दुबईचे पाहुणे ताटकळलेले.

"साहेब, आपलं ओळखपत्र?" लहूभाऊ शांतपणे म्हणाले.

"अरे, तुला कामावर मी ठेवलंय!"

"व्हय की. पन मशीनला काय ठावं?"

साहेबांनी मुकाट्यानं खिसे चाचपले.

गेल्या महिन्यात माझ्या बायकोच्या, सुमनच्या छातीत गाठ लागली. तुकडा तपासायला पुण्याला गेला होता. "रिपोर्ट आला की फोनवर काही सांगू नका. कागद घेऊन या, दोघं मिळून वाचू," तिनं बजावलं होतं. रिपोर्ट माझ्या ऑफिसच्या मेलवर आला. मी एक अक्षर न वाचता छापायला सोडला आणि प्रिंटरपाशी गेलो. लक्ष सगळं त्या रिपोर्टात, पिन पुन्हा पुन्हा चुकला. पडलं कुलूप! मागे विक्रीवाल्या पोरांची रांग. "काय छापताय एवढं?" म्हणत एकजण डोकावलाही. मी प्रिंटरला आडवा उभा राहिलो.

लहूभाऊ आले. माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओळखपत्र मागितलं नाही.

"मशीन बिघडलंय! च्या पिऊन या समदी!" त्यांनी सगळ्यांना पिटाळलं, कुलूप काढलं आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. मी कागद उपडाच उचलून घडी घातली. माझ्यासमोरच त्यांनी डिस्कमधली प्रत पुसली.

"आता ह्यो फकस्त तुमच्यापाशी. जावा घरी."

घरी दोघांनी वाचला. गाठ साधी होती. सुमन ढसाढसा रडली, मीही रडलो, लाजायचं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी लहूभाऊंना सांगितलं. ते कागदांच्या खोक्यावर मटकन बसले. "लई बेस झालं," म्हणाले. त्यांची बायको वारलेली, एवढं मला ठाऊक होतं. कशानं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"आमच्या मंडळीचा रिपोर्ट असाच आल्ता, पयल्या आफिसात. मी गोडावनात व्हतो. कुनीतरी छापून ट्रेमधी ठिवला. मी यीस्तवर समद्यांनी वाचला. मला सांगाया कुनाची जीभच उचलंना. आत आलो तर जो तो ग्वाड बोलाया लागला. एकानं भजी मागवली, एकानं उठून खुर्ची दिली."

ते जरा हसले.

"मला वाटलं, बढती मिळाली. लई खूश झालो वो मी. घरी फोन लावून तिलाबी सांगितलं."