पंधरवड्याचा कासववाला

आमच्या गावात कासव पाळायचं असेल तर आधी कासववाला पंधरवडाभर घरी नेऊन पाळावा लागतो, आणि तो नीट राहिला तरच कासव मिळतं. नियम नगरपालिकेचा आहे आणि चांगला आहे. कासव बिचारं मुकं. त्याच्याकडे बघून काय कळणार, कपाळ? आजारी असलं तरी त्याचं तोंड तसंच आणि खुशीत असलं तरी तसंच. तेव्हा पारखायचा तो विकणारा. तो खरा निघाला की कासव खरं, इतकी सरळ गोष्ट आहे.

तरी माझी सगुणाआत्या ह्या फंदात पडायला निघाली तेव्हा मी कडाडून विरोध केला. आत्याने उभी हयात एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर एक कुत्रा पाळला, मग एक मांजर, मग परत कुत्रा. सगळे तिच्या डोळ्यांदेखत गेले. शेवटचा कुत्रा खंड्या गेला तेव्हा परसातल्या पेरूखाली तिने स्वतः खड्डा खणला, आणि नंतर कितीतरी दिवस ती धड जेवली नाही. नुसतं ताटाशी बसायची आणि उठायची. मग एका सकाळी मला बोलावून म्हणाली, "सुध्या, मला माझ्या मागं उरेल असं काहीतरी आणून दे. पुन्हा कुणाला पुरायचं बळ नाही रे राहिलं माझ्यात."

कासव शंभर वर्षं जगतं म्हणतात. गेलो मुकाट्याने तिच्याबरोबर.

कासवांचा बाजार गुरुवारी जुन्या जकातनाक्यामागे भरतो. विक्रेते अंगावर ऊन येईल असे ओळीने बसलेले असतात आणि ज्याची त्याची परवान्याची कासवं शेजारी टोपलीत असतात. तोंडाशी नगरपालिकेच्या सरपटणारे प्राणी विभागाचे कुंभोजकर साहेब खुर्ची टाकून बसतात. गंभीर माणूस. त्यांनी आत्याला टोमॅटोच्या फोडींची वाटी दिली आणि समजावून सांगितलं.

"विक्रेत्याचे डोळे बघा. स्वच्छ पाहिजेत. नाक वाहत असेल तर घेऊ नका. फोड पुढे करा, आनंदाने खाल्ली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे उचलून बघा."

"उचलून?" मी विचारलं.

"उचलल्यावर हातपाय जोरात झाडले पाहिजेत. गपगार लोंबकळला तर समजायचं, आतून पोखरलेला आहे."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मला बरोबर कशाला आणलंय ते मला तेव्हा कळलं.

पहिला विक्रेता नुसता लखलखत होता. आत्याने त्याच्या कपाळावर बोट फिरवलं आणि वास घेतला. "खोबरेल," ती म्हणाली. "चकाकी वरून लावलीय. पुढे चल." दुसऱ्याने मी उचलल्यावर लाथा झकास झाडल्या, एक माझ्या बरगडीत बसली, पण टोमॅटो काही केल्या तोंडात घेईना. तिसरा लांबूनच ओरडायला लागला, "या मावशी! आपलं कासव कधी आजारी पडत नाही, घाण करत नाही, हाक मारली की येतं!"

"सुध्या, चल," आत्या म्हणाली. "मी जन्मभर खिडकीतून 'आत्ता येईल, आत्ता येईल' म्हणत आले. ही थाप मला लांबून ओळखू येते."

ओळीच्या पार शेवटी पन्नाशीचा एक माणूस बसला होता. आण्णाप्पा चौगुले त्याचं नाव. तो ओरडत नव्हता, काही नव्हतं. आत्या त्याच्या टोपलीवर वाकली तसा तो म्हणाला, "डावीकडचं नका बघू मावशी. शिंकतंय त्ये."

"आणि मधलं?"

"तब्येतीनं चांगलं हाय. पर तापट. चावतंय."

"उजवीकडचं?"

"त्येचं मलाबी काय कळत न्हाई अजून," तो म्हणाला, आणि त्याने आत्याच्या वाटीतल्या फोडी एकामागून एक खाऊन टाकल्या. मी उचलला तर त्याने असे हातपाय झाडले की माझा चष्मा उडाला. डोळे स्वच्छ होते, नाक कोरडं होतं.

"हाच," आत्या म्हणाली.

कुंभोजकर साहेबांनी निघताना ताकीद दिली. रोज कोवळं ऊन दाखवा, पालेभाजी भरपूर द्या, सुरुवातीला उगाच हाताळू नका, बुजतो. आण्णाप्पा टोपली मांडीवर घेऊन रिक्षात बसला आणि घर येईपर्यंत मफलरमधून त्याने मान बाहेर काढली नाही.

आत्याच्या घरी ऊन येतं ते गॅलरीत, आणि गॅलरीत होती माझी आरामखुर्ची. रोज संध्याकाळी कचेरीतून सुटलो की मी तिथेच पडायचो. आता आण्णाप्पा तिथे पडला. मी मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकतोस, लेका.

दोन दिवसांनी त्याची मान बाहेर आली आणि तो घरभर फिरायला लागला. मग खरी परीक्षा सुरू झाली. नियमाप्रमाणे विक्रेत्याला खोटं बोलायला भरपूर संधी द्यायची असते. मी नवा शर्ट घालून त्याच्यापुढे उभा राहिलो आणि विचारलं, "कसा दिसतो?"

"पोट दिसतंय," तो म्हणाला.

शेजारच्या लीलाताई आपल्या सुनेला घेऊन आल्या आणि दोघींनी एकदम विचारलं, आमच्यात चुकतंय कुणाचं? असल्या प्रश्नाला भले भले पळ काढतात. आण्णाप्पाने दोघींचं नीट ऐकून घेतलं आणि दोघींचंही काय काय चुकतंय ते सांगितलं. दोघी रागावून गेल्या, पण गेल्या त्या बोलत बोलत गेल्या.

एकदा जेवताना आत्याने सहज विचारलं, "आमटी कशी झालीय?"

"खारट," आण्णाप्पा म्हणाला. "रोजच असती."

आत्याचा हात ताटातच थांबला. ती माझ्याकडे वळली. "सुध्या, आमटी खारट असते?"

मी पंख्याकडे बघायला लागलो.

"अरे मेल्या! लहानपणापासून मिटक्या मारत खातोस की!" असं म्हणून ती जी हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. त्या दिवशी तिने दुसऱ्यांदा भात घेतला. खंड्या गेल्यापासून पहिल्यांदाच. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! खुर्ची गेली तर गेली, खड्ड्यात गेली खुर्ची.

पंधरवडा सरला आणि कुंभोजकर साहेब तपासणीला घरी आले. त्यांनी आण्णाप्पाच्या पापण्या वर करून बघितल्या, जीभ बघितली, आणि मान डोलावली. "अंग धरलंय. चांगला सांभाळलात. आता कासव निवडा."

आत्याने मधलं निवडलं, तापट. ते तिच्या मांडीवर बसून तिचा पदर चावत होतं आणि ती त्याला "काय रे ए दांडगोबा" म्हणत होती. कासवाला दात नसतात, पण ते त्याला कोण सांगणार?

"आता शेवटचा प्रश्न," कुंभोजकर साहेब उभे राहून म्हणाले. "आण्णाप्पा चौगुले, हे कासव ह्या बाईंच्या मागे उरेल का?"

एवढंच तर आत्याला हवं होतं. एक 'हो' म्हटलं की काम झालं.

"उरंल," आण्णाप्पा म्हणाला. आत्याचा चेहरा फुलला. पण हा बाबा थांबला नाही. "तुमच्या मागं लई वर्षं उरंल. पर मावशी, तुम्ही न्हाईशा झाल्यावर त्ये रोज जेवणाच्या वक्ताला दाराकडं तोंड करून बसंल. माझ्या आज्याच्या मागं एक उरलंय. त्ये अजून बसतंय."

 आत्याने कासवाच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला हळूच खाली ठेवलं.

"म्हणजे मी सुटणार आणि हे अडकणार," ती म्हणाली.

"व्हय."

तिचे डोळे भरून आले. मला त्या माणसाचा असा संताप आला! अरे, एक थाप मारली असतीस तर काय तुझं घोडं बुडत होतं? पण थाप मारली असती तर तो नापास झाला असता, हेही खरं होतं. म्हणून मी नुसते दात-ओठ खाल्ले.

"विक्रेता पास," कुंभोजकर साहेब म्हणाले. "पूर्ण विश्वासू. कासव बांधून द्यायचं ना?"

"कासव नको," आत्या म्हणाली. तिने नाक पुसलं. "ह्यालाच राहू दे."

साहेबांनी थोडा विचार केला. "विक्रेता ठेवून घ्यायला मनाई नाही. त्याची स्वतःची हरकत नसली म्हणजे झालं."

"माझी कसली हरकत?" आण्णाप्पा म्हणाला. "हितं ऊन चांगलं येतंय. आन् मावशी ऐकून घेत्यात. बाजारात कोण ऐकून घेतंय?"

"मग प्रश्न नाही. फक्त नियम तोच लागेल. ज्याच्याकडून घ्यायचा, त्याला आधी पंधरवडाभर घरी ठेवून बघायचं."

"ह्याला कुणाकडून घ्यायचं?" मी विचारलं.

आण्णाप्पा लाजला. "आईकडनं. लगीन कुठं झालंय माझं?"

त्याची आई, गंगव्वा, दोनच दिवसांत एसटीने आल्या. आत्या स्वतः त्यांना उतरवून घ्यायला स्टँडवर गेली. डोळे स्वच्छ, नाक कोरडं, टोमॅटो सालासकट खाल्ला. मी उचलायला गेलो तर एक सणसणीत मुस्काटात बसली. कुंभोजकर साहेबांना कळवलं, तर ते म्हणाले, "उत्तम!"

गंगव्वांनी आल्या दिवशी आत्याचे डबे उलटेपालटे करून लावले. दुसऱ्या दिवशी आत्याने ते परत पहिल्यासारखे लावले. मग दोघी रोज भांडायच्या, आणि दुपारी एकमेकींच्या डोक्याला तेल लावत बसायच्या. मांजर, कुत्रे, गेलेले भाऊ, न झालेली लग्नं, सगळं बोलून झालं. दांडगोबा गॅलरीभर फिरायचा आणि आण्णाप्पा त्याच्यामागे पालकाची काडी घेऊन. मी खालीच चटई टाकून पडायला लागलो. वाऱ्याला तीही जागा वाईट नाही.

पंधरवडा भरला त्या दिवशी कुंभोजकर साहेब नेमके जेवायच्या वेळेला आले. आत्याने सकाळपासून कशाला हात लावला नव्हता. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत ती बसली होती.

"गंगव्वा चौगुले," साहेब उभे राहून म्हणाले, "तुमचा मुलगा ह्या बाईंच्या मागे उरेल का?"

"आँ?" गंगव्वा म्हणाल्या. "त्ये मला काय ठावं? म्या काय देव हाय व्हय? माझ्या मागं उरंल का त्येबी सांगता येत न्हाई." मग त्यांनी आत्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पर सगुणाबाई, जेवायच्या वक्ताला घरात असतोय. आजवर कवा चुकला न्हाई."

 आत्याने बोटाचा पदर सोडला.

"पुरे," ती म्हणाली. "मला पुष्कळ झालं तेवढं. घेतला."

आणि उठून तिने ताटं मांडली. साहेबांचंही एक मांडलं. कासवं विक्रेत्याबरोबर येतातच, त्यांचं वेगळं काही करावं लागत नाही, तेव्हा त्यांनाही पालक घातला. शिंकणारं आता शिंकत नव्हतं. आण्णाप्पा हात धुऊन येऊन बसला आणि आत्याने पहिला भात त्याला वाढला.

"एक राहिलं," साहेब वरण कालवत म्हणाले. "गंगव्वाबाईंना आता परत सोडायचं."

"का?" आत्याने वाढता हात थांबवला. "असू दे की त्यांनाही."

"असू द्या. पण मग त्यांच्या आईला पंधरवडाभर आणावं लागेल."

मी गंगव्वांच्या पांढऱ्याशुभ्र केसांकडे बघितलं आणि घास गिळला. आता आली का पंचाईत!

"हाय की," गंगव्वा लिंबू पिळत म्हणाल्या. "गुरुवारच्या गाडीला बसवून द्या म्हणून सांगते."