समासातला समास

नवा शब्द घडवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! सचोटीने कारभार चालवण्यासाठी कंपनीने नवा विभाग काढला आणि त्याला मराठी नाव मागितलं. ज्याचं नाव निवडलं जाईल, तो भाषाधिकारी म्हणून कायम! मी तिसऱ्याच दिवशी ‘नीतिव्यवस्थापन’ देऊन मोकळा झालो. बायकोने तर माहेरी कळवूनसुद्धा टाकलं.

आता खरं सांगतो. तो शब्द मला टेबलाच्या खणात एका चिठ्ठीवर सापडला होता. टेबल आमच्या मुद्रितशोधक गुरुजींचं, आणि गुरुजी गेल्या वर्षी वारले. वारलेल्या माणसाला शब्द हवाय कशाला!

मग साहेबांनी शब्दाचा अर्थ आणि उगम मागितला. मी लिहिलं, ‘नी म्हणजे नेणे, सरळ वाटेने नेते ती नीती. समासाचा विग्रह : नीतीचे व्यवस्थापन.’ जेवून येतो तो काय! ‘चे’वर लाल पेन्सिलीची काट आणि डोक्यावर ‘ने’. नीतीने व्यवस्थापन!

"कोणी केलं हे?" मी ओरडलो.

"लाल पेन्सिल फक्त गुरुजी वापरायचे," शिपाई म्हणाला. "शेवटी त्यांच्या खिशातच राहिली ती."

तरी मी हट्टाने पुन्हा ‘चे’ लिहिलं, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून बाहेर बसलो. तासाभराने दार उघडलं. पुन्हा काट! शिवाय कागदाच्या समासात गुरुजींचं टपोरं अक्षर : ‘नीतीची व्यवस्था तुम्ही लावलीतच!’

त्यांची रिकामी खुर्ची कुरकुरली. मी जो सुटलो तो थेट साहेबांच्या केबिनमध्ये!

"साहेब, शब्द माझा नाही! गुरुजींचा आहे!"

"लेखी द्या," साहेब मान वर न करता म्हणाले.

नोकरी गेली, बायकोचं माहेर हसणार, हे मनात घोळवत मी लिहिलं, ‘प्रामाणीकपणे कबूल करतो.’ पाकीट आणायला वळलो, एवढाच काय तो वेळ. कागदावर काट नव्हती. फक्त ‘णी’भोवती लाल गोल होता आणि वर ऱ्हस्व ‘णि’.

साहेबांनी कागद वाचला आणि ते चक्क हसले. "खरं बोलता, वर स्वतःच्या चुकाही स्वतः दुरुस्त करता! कायम!"

तेव्हा आता ती दुरुस्ती माझी नव्हे, हेही लेखी द्यायला बसलोय. या खेपेला शुद्धलेखनाचा कोश मांडीवर घेतलाय. कारण ती खुर्ची सकाळपेक्षा जरा जवळ आली आहे!