नेली की दिली

१९५३ सालच्या मार्चमध्ये ठाणे ते कल्याण या पट्ट्यात राहणाऱ्या नाईकांची संख्या पाचशे बेचाळीस भरली, आणि त्यांपैकी एकही प्रसिद्ध नाही ही बाब नाईक कुलोत्कर्ष मंडळाच्या डोंबिवली येथील वार्षिक सभेत खेदपूर्वक नमूद करण्यात आली.

एरवी हा खेद कोणाला झाला नसता. पण त्याच आठवड्यात कर्णिक मंडळाने आपली गौरवपुस्तिका काढली होती. तीत एक नट, दोन क्रिकेटपटू आणि कर्णिकांचं नाव गुंफलेलं एक गाणं होतं. पुस्तिका नाईकांच्या घरोघर फुकट वाटण्यात आली. विकली असती तर इतकं झोंबलं नसतं.

मंडळाचे अध्यक्ष परशुरामपंत नाईक हे कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून होते. मंडळ जात मानत नसे. सभासदाची नोकरी कायम असली की पुरे. चिटणीस विश्राम नाईक विमा कंपनीत होता. प्रसिद्ध नाईक शोधण्याचं काम त्याच्याकडे आलं आणि त्याने ते दोन महिने मन लावून केलं. एक पैलवान मिळाला. तो सांगलीच्या मोठ्या कुस्तीला शेवटपर्यंत हजर होता, प्रेक्षकांत. एक क्रिकेटपटू मिळाला. तो बारावा गडी होता आणि त्याने नेलेलं पाणी तीन नामांकित फलंदाज प्यायले होते. एक नट मिळाला. ऐतिहासिक नाटकात भाला धरून त्याने दोनशे प्रयोग उभ्याने काढले होते. एक गायकही मिळाला. त्याचं आडनाव चौकशीत ‘नायक’ निघालं, पण छापखान्याच्या चुकीला वाव ठेवून त्याला आत घेण्यात आलं.

‘गाणी’ हा रकाना तेवढा कोरा राहिला.

“कर्णिकांना गाणं आहे,” परशुरामपंत म्हणाले. “आपण मुके आहोत काय?”

विश्रामची धाकटी बहीण सुमेधा ठाण्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. तिचा गळा गोड होता, पण रेडिओच्या आवाज-परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. ती म्हणाली, “दादा, बाळकुमच्या कोळणी बाजारात टोपल्या उतरवताना एक गाणं म्हणतात. नाईक आयला बंदरावरी, असं काहीसं आहे.”

रविवारी भाऊबहीण बाळकुमला गेले. जनाबाई अंगणात सुकट वाळत घालत होती. तिचा भाऊ गुणाजी खाडीवर होता. गाणं ऐकायला शिकलेली माणसं आली म्हणून तिला जरा हसूच आलं, पण तिने हात धुतले, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली:

नाईक आयला बंदरावरी,
नेली माज्या बापाची होरी.

सुमेधाने वहीत लिहून घेतलं. चाल अशी होती की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायला लागे. विश्रामने विचारलं, “मावशी, हे कोणी रचलं?”

“माज्या आयनं. दगडाबायनं. खारीपल्याड मानसां न्यायचा ठेका तवा एका शेटचा व्हता, नि नाईक त्याचा मानूस. एक बाय अडलेली, पोर व्हईना. आयच्या बापानं तिला आपल्या होरीतनं पल्याड नेली. परवाना नाय म्हून नाईकानं होरी काढून घेतली. ती परत आयलीच नाय. बाप मेला तवर दुसऱ्याच्या होरीवर वल्ही मारत व्हता.”

“तक्रार नाही केली?”

“केली ना. कोरटात दावा उबा राहिला नाय. मंग आयनं तो हळदीत उबा केला. होरी मिलंपावेतो गायाचा, अशी तिची शिकवन हाय.”

परतताना सुमेधा वाटभर चाल गुणगुणत होती.

गाण्यावर विचार करायला पाच जणांची उपसमिती नेमली गेली. पहिला प्रश्न हा नाईक कोण हा होता. पाचशे बेचाळीस नाईकांना पत्रं गेली आणि पाचशे बेचाळीस उत्तरं आली: आमचा त्याच्याशी संबंध नाही. इतकं एकमत मंडळात पूर्वी कधी झालं नव्हतं.

“गाणं उत्तम आहे,” परशुरामपंत म्हणाले. “अशुद्ध आहे, इतकंच. ‘होरी’चं ‘होडी’ करावं लागेल. ‘माज्या’चं ‘माझ्या’. आणि मला वाटतं, ‘नेली’ हासुद्धा उच्चाराचाच दोष असावा. मूळ शब्द ‘दिली’ असणार. एका अक्षराचा तर प्रश्न आहे.”

“पण पंत, तिने होडी नेल्याची सगळी हकीकत सांगितली,” विश्राम म्हणाला.

“हकीकत गाण्यात आहे का? नाही ना? मग ती उपसमितीपुढे नाही.”

‘नाईक आले बंदरावरी, दिली माझ्या बापाला होडी’ असा शुद्ध पाठ मंजूर झाला. यमक गेलं, पण अब्रू राहिली. हा पाठ कळवताच आठ दिवसांत अकरा कुटुंबांचे अर्ज आले. गाण्यातले नाईक हे आमचे आजोबा, असा प्रत्येकाचा दावा होता. दोघांनी तर आजोबांचे फोटोही जोडले.

दिवाळीनंतर ठाण्यात गौरव समारंभ झाला. पैलवान, बारावा गडी आणि भालाईत व्यासपीठावर बसले, पण सभा जिंकली ती सुमेधाने. ‘दिली माझ्या बापाला होडी’ला तीन वेळा वन्स मोअर मिळाला. तिसऱ्या रांगेत रेडिओवरचे एक गृहस्थ होते. महिन्याभरात सुमेधा आवाज-परीक्षा पास झाली आणि गाणं हवेत गेलं. पुढे त्याची तबकडी निघाली, आणि लग्नाच्या बँडवाल्यांनी ते उचलल्यावर कर्णिकांच्या घरातही ते ऐकू येऊ लागलं.

जनाबाईला हे कळलं कळव्यात, एका हळदीत. तिने नेहमीसारखं गाणं धरलं. “नेली माज्या बापाची होरी” म्हणताच तिच्याच नात्यातला चंदू हसला. तो मिलमध्ये होता आणि हॉटेलात रेडिओ ऐकायचा.

“काकी, चुकलंस. ‘दिली’ हाय.”

“कोन बोलला?”

“रेडिओवर बोलतात. तुज्यापक्षी त्यांना जास्त म्हाईत ना!”

सगळ्या बायांनी ‘दिली’ धरलं. जनाबाई दोन ओळी एकटीच ‘नेली’ म्हणत राहिली, मग उठली. न जेवता घरी आली आणि सकाळी नेसूचं धड लुगडं नेसून, गाणं लिहून नेणाऱ्यांनी सांगितलेल्या डोंबिवलीच्या कचेरीत गेली.

परशुरामपंतांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, “बाई, आपलं म्हणणं लेखी द्या.”

“मना लिवता येत नाय.”

“हरकत नाही. विश्राम, यांचा अर्ज लिहून घे. आता, मूळ शब्द ‘नेली’ होता याला पुरावा काय?”

“आमी म्हनतो ना!”

“म्हणणं वेगळं. छापील पाठ फक्त मंडळाचा आहे आणि त्यात ‘दिली’ आहे. होडी जप्त केल्याची पावती आहे का?”

“पावती दिली असती तं होरी कशाला नेली असती?”

परशुरामपंतांनी हा प्रश्न कार्यवृत्तात घेतला नाही. जनाबाईने विश्रामबरोबर येऊन दाराशी उभ्या असलेल्या सुमेधाकडे बोट केलं. “या बायनं लिवलंय. माज्या म्होरं बसून. बाय, दाखव गो तुजी वही.”

खोलीत सगळे सुमेधाकडे बघू लागले. पुढल्या गुरुवारी रेडिओवर तिचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता.

“ती वही,” सुमेधा म्हणाली, “सापडत नाही हो.”

जनाबाईने तिच्याकडे एकवार पाहिलं आणि कपातला चहा तसाच ठेवून उठली. अर्ज ‘पुराव्याअभावी’ असा शेरा मारून निकाली काढण्यात आला. खाली सही विश्रामची होती. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं.

गोष्ट इथे थांबली असती, पण गाण्याची लोकप्रियता सरकारदरबारी पोचली. कोळी बांधवांना होडी देणाऱ्या दानशूर पुरुषाचं स्मारक व्हावं, असं एका समितीने ठरवलं. बाळकुमच्या बंदरावर सिमेंटचा ओटा बांधायचा, त्याला ‘नाईक घाट’ म्हणायचं, आणि ओट्यावर खुद्द ती ऐतिहासिक होडी ठेवायची. गीतावरून ती होडी जनाबाईच्या कुटुंबाला मिळाल्याचं स्पष्टच होतं. तेव्हा गुणाजीला पत्र आलं की, सदर होडी सात दिवसांत ताब्यात द्यावी.

गुणाजी कचेरीत गेला. “सायब, ही होरी मी आठ वर्सांमागं बांधली. माज्या हातानं.”

साहेब सभ्य होते. “मग नाईकांनी दिलेली होडी कुठे आहे?”

“त्यांनी दिलीच नाय.”

“गाण्यात आहे. रेडिओवर आहे. आता तर चौथीच्या पुस्तकातही येतंय. म्हणजे ऐतिहासिक वस्तू तुमच्याकडून गहाळ झाली, असं लिहू? त्याची चौकशी लागेल. त्यापेक्षा हीच ती, असं म्हणा. तुम्हालाही मान आहे.”

गुणाजी रोज त्या होडीवर मासे मारायचा. चौकशी या शब्दाशी त्याच्या घराची ओळख जुनी होती. त्याने अंगठा दिला.

उद्घाटनाला परशुरामपंत, अकराही कुटुंबं आणि बँड हजर होते. होडीला निळा रंग दिलेला, आत झेंडूच्या माळा. सोळा माणसांनी ती पाण्यातून ओढून ओट्यावर चढवली. शाळेच्या साठ मुलींनी सुमेधाबाईंच्या मागून गाणं सुरू केलं. तेवढ्यात जनाबाई गर्दीतून पुढे आली आणि काठावर उभी राहून, छातीतली सगळी ताकद लावून ओरडून गाऊ लागली:

नेली! नेली माज्या भावाची होरी!

बँड मोठा होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की, स्थानिक महिलांनीही उत्स्फूर्तपणे सूर मिळवला.

गुणाजीवर अन्याय झाला असं कोणी म्हणू नये म्हणून त्याची घाटाचा राखणदार म्हणून नेमणूक झाली. त्याला खाकी टोपी मिळाली. ‘होडीस हात लावू नये’ अशी पाटी होती आणि तिची अंमलबजावणी त्याने करायची होती. पाण्याबाहेरची होडी सुकते. उन्हाळ्यात फळ्या आक्रसल्या, फटी पडू लागल्या. संध्याकाळी कोणी नसलं की गुणाजी पाटी डावलून फटींवरून बोट फिरवायचा. “तेल पायजे गो हिला,” तो जनाबाईला म्हणे. तेलासाठी त्याने अर्ज केला. स्मारकाच्या मूळ स्वरूपात बदल करता येणार नाही, असं उत्तर आलं.

पुढल्या वर्षी धडा चौथीला लागला. तालुक्याच्या परीक्षेत प्रश्न होता: रिकामी जागा भरा. ‘—— माझ्या बापाला होडी.’ बाळकुमच्या शाळेतल्या सव्वीस मुलींचे पेपर तपासायला सुमेधाबाईंकडे आले. पहिला पेपर गुणाजीची मुलगी शालू हिचा होता. तिने गाळलेल्या जागी ‘नेली’ लिहिलं होतं, आणि छापलेला ‘बापाला’ खोडून वर ‘बापाची’ केलं होतं. दुसऱ्या पेपरात तेच. सव्विसाव्यातही तेच.

सुमेधाबाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी नियम काढून पाहिला. छापील प्रश्नात खाडाखोड केल्यास गुण देऊ नयेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्यांना हायसं वाटलं. त्यांनी सव्वीस शून्यं दिली, सगळी गोल आणि सुबक.

बाळकुमच्या शाळेचा निकाल घसरला. तिथल्या सहदेव मास्तरांना खुलासा विचारला गेला आणि बदलीची तंबी मिळाली. मास्तर गावचेच होते; त्यांच्या बायकोच्या हळदीत जनाबाई गायली होती. त्यांनी दुसऱ्या वर्षी मुलींना रांगेत उभं केलं आणि हातात छडी घेऊन रोज सकाळी वीस वेळा एकच ओळ म्हणवून घेतली. मुली सुरुवातीला अडखळत. मार्गशीर्षापर्यंत अडखळेनाशा झाल्या.

त्या वर्षी बाळकुमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. बातमी तिसऱ्या पानावर होती, मुलींच्या फोटोसकट. तुम्ही ती सकाळी चहा घेताना वाचलीत, आणि कौतुकाने घरात म्हणालातही की, बघा, कोळ्यांच्या मुलीसुद्धा हल्ली किती शुद्ध बोलायला लागल्या.