हंबीररावांचे वास्तव्य

विश्वासराव काटकरांचे घराणे चार पिढ्या बडोद्यात राहत होते. ही गोष्ट कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होती, फक्त सरकारला ठाऊक नव्हती. १९७९ सालच्या जून महिन्यात त्यांची धाकटी मुलगी निरुपमा शिक्षिकेच्या जागेसाठी निवडली गेली आणि तिच्याकडे कुटुंबाच्या पन्नास वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागण्यात आला. मुदत दोन महिन्यांची होती. पन्नास वर्षे राहून झाल्यावर त्याचा दाखला मिळवायला दोन महिने म्हणजे चैनच, असे विश्वासरावांना वाटले. ते स्वतः छत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. पृथ्वीवर प्रत्येक वस्तूला एक ठिकाण असते यावर त्यांचा अजून विश्वास होता.

दाखल्याच्या खिडकीपलीकडे नारायणभाई बसत. माणूस सभ्य होता. त्यांनी विश्वासरावांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि आडनाव वाचून विचारले, "काका, तमे तो महाराष्ट्रना ने?" विश्वासरावांनी सांगितले की आपण महाराष्ट्रात आयुष्यात तीनदा गेलो, त्यांतल्या दोन वेळा लग्नाला. नारायणभाईंनी ते सहानुभूतीने ऐकले आणि १९२९ पूर्वीचा, सरकारी शिक्क्याचा, कुटुंबातल्या माणसाचे नाव आणि पत्ता असलेला एक तरी कागद आणायला सांगितले.

असा कागद असायला हवा होता. विश्वासरावांचे आजोबा बळवंतराव यांनी गायकवाडी राज्यात एकतीस वर्षे कारकुनी केली होती. एकही रजा नाही, एकही ठपका नाही. परंतु घरात त्यांचा एक फोटो आणि एक पगडी सोडली तर काही नव्हते. कागद १९३१ मध्ये घरातून गहाळ झाले, एवढेच वडील सांगत. मग विश्वासराव जुन्या दप्तरखान्यात गेले. तिथल्या वृद्ध दप्तरदाराने खुलासा केला की, ज्या नोकरांविरुद्ध काही तक्रार नसते त्यांची सेवापुस्तके पंचवीस वर्षांनी रद्दीत जातात. तक्रार असलेल्यांची कायम जतन करतात.

"म्हणजे माझ्या आजोबांनी एखादा गुन्हा केला असता तर?"

"तर आज तुम्हाला इतका त्रास झाला नसता," दप्तरदार म्हणाला. त्यात उपहास नव्हता.

विश्वासराव अठरा दिवस त्या दप्तरखान्यात बसले. एकोणिसाव्या दिवशी तुरुंगाच्या १९२७ सालच्या एका जाडजूड नोंदवहीत त्यांना काटकर भेटले. 'हंबीरराव वल्द रामराव काटकर, राहणार बाबाजीपुरा, बडोदे.' विश्वासरावांनी वही मिटली, आजूबाजूला पाहिले आणि पुन्हा उघडली.

हंबीरराव म्हणजे बळवंतरावांचे दहा वर्षांनी धाकटे भाऊ. घरात त्यांचा उल्लेख झालाच तर 'ते काशीला गेले' असा होई आणि लगेच कोणीतरी पंखा सुरू करी. वहीत काशीचा उल्लेख नव्हता. हंबीरराव हत्तीखान्यात कारकून होते. तिथला मोतीगज नावाचा हत्ती मेल्यावर त्यांनी त्याला साडेतीन वर्षे कागदोपत्री जिवंत ठेवले होते. मोतीगज या काळात नियमाने चारा खात होता, मधून आजारी पडत होता, आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत पाय दुखत असल्यामुळे तीनही वर्षे गैरहजर राहिला होता. शेवटी हंबीररावांनी त्याच्यासाठी एक हत्तीण मागितली, तेव्हा साहेब पाहणीला आले. सात वर्षांची शिक्षा झाली.

सरकारने हंबीररावांची उंची, छातीचा घेर, पाठीवर डावीकडचा तीळ आणि वांग्याची भाजी सोसत नसल्याचे नोंदवून ठेवले होते. बळवंतराव होऊन गेले, एवढेसुद्धा कुठे लिहिलेले नव्हते. विश्वासरावांना आधी लाज वाटली, मग राग आला आणि शेवटी, दप्तरदाराने नकलेवर शिक्का मारला तेव्हा, त्यांना स्वतःला कबूल करवेना इतका आनंद झाला.

नारायणभाईंनी ती नक्कल दोन्ही हातांनी धरली. असा पक्का कागद आपण बऱ्याच वर्षांत पाहिला नाही, असे ते म्हणाले. अडचण एकच होती. दाखला फक्त सरळ वंशजाला मिळत असे. चुलत आजोबांचे वास्तव्य नातवाला लागू नव्हते. हंबीरराव आजोबा असते तर काम आजच झाले असते.

"पण ते माझे आजोबा नाहीत."

"असं कुठे लिहिलंय?" नारायणभाईंनी विचारले.

खरोखरच कुठे लिहिलेले नव्हते. विश्वासराव दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी निरुपमाने जुन्या शिकवण्यांची यादी पुन्हा भिंतीवर टांगली, ती त्यांनी पाहिली आणि ते सोगंदनामा, म्हणजे शपथपत्र, करायला गेले. आपण हंबीररावांचे सख्खे नातू आहोत, असे त्यांनी ईश्वराला स्मरून लिहून दिले. त्या हिशेबाने वडिलांच्या जन्माच्या वेळी हंबीरराव तेरा वर्षांचे होते. नारायणभाईंनी बोटांवर मोजून पाहिले आणि त्या काळी लग्ने लवकर होत, असा शेरा मारून कागद पुढे पाठवला.

तो आठवड्याने परत आला. वरच्या साहेबांनी मूळ वही मागवून पुढचे पान वाचले होते. १९३१ मध्ये आईच्या तेराव्यासाठी हंबीररावांना चार दिवस सोडले होते आणि ते परत आले नव्हते. म्हणजे दप्तरी ते अजून फरार होते. फरार इसमाचा ठावठिकाणा नातवाने सांगावा, असा लेखी आदेश निघाला. हंबीरराव हयात असते तर चौऱ्याण्णव वर्षांचे असते.

विश्वासरावांनी वही पुन्हा पाहिली. समासात बारीक अक्षरांत एका फौजदाराची नोंद होती: 'सदर वर्णनाचा इसम मौजे तरसाली येथे मिळाला. नाव बळवंतराव काटकर असे सांगतो. कागद पाहिले. कागद बरोबर आहेत. सबब सोडून दिले.'

विश्वासरावांनी ती ओळ दोनदा वाचली. बळवंतरावांचे कागद कुठे गेले, हे अठ्ठेचाळीस वर्षांनी त्यांच्या घराण्याला समजले होते.

तरसालीला काटकरांचे घर विचारताच सापडले. दार कमळाबाईंनी उघडले. त्या पंचेचाळीसच्या होत्या आणि नात्याने अठ्ठावन्न वर्षांच्या विश्वासरावांच्या आत्या लागत होत्या. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. खाली 'कै. बळवंतराव रामराव काटकर' असे नाव होते. चेहरा आनंदी, खाल्ल्या-प्यायल्याचा होता. विश्वासरावांच्या घरातले खरे बळवंतराव कायम पोट दुखत असल्यासारखे दिसत.

त्यांनी आपण काटकरांचा वंशवृक्ष करीत असल्याचे सांगितले. कमळाबाईंनी चहा ठेवला आणि पेटीतून एक रेशमी रुमाल काढून उलगडला. नेमणुकीचा हुकूम होता, पत्ता बाबाजीपुऱ्याचा होता आणि 'एकतीस वर्षे निष्कलंक सेवा' असे लिहिलेले प्रशस्तिपत्र होते. दरबारची मोहोर अजून लाल होती. आजोबांचे नाव सरकारच्या शाईत विश्वासराव पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी ते बोटाने चाचपले.

"तुम्ही बाबाजीपुऱ्याच्या घरचे ना?" कमळाबाईच म्हणाल्या. "आईने जाताना मला सगळं सांगितलं."

विश्वासरावांनी मान हलवली.

"हा कागद खरा तुमच्या घरचा. माहीत आहे मला. पण माझं लग्न याच्यावर झालं. दोन्ही मुलांना दाखले याच्यावर मिळाले. धाकटा कोयलीच्या रिफायनरीत कामाला जातो, मोठ्याला यंदा मुलगी झाली." त्यांनी कपात चहा ओतला. "आता मी फरार माणसाची मुलगी झाले, तर या सगळ्यांनी कुठे जायचं?"

विश्वासरावांनी आपल्या सोगंदनाम्याची हकीकत सांगितली. कमळाबाईंनी ती शांतपणे ऐकली.

"मग बरंच झालं की," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आजोबा पाहिजे होते, मिळाले. मला वडील पाहिजे होते, मिळाले. आपण दोघांनी उगीच खरं का बोलायचं?"

त्यांनी कागद पुन्हा रुमालात बांधले. निघताना त्यांनी निरुपमासाठी ब्लाउजपीस दिला. विश्वासराव वाकून नमस्कार करू लागले तेव्हा त्या संकोचल्या, पण आत्या असल्यामुळे त्यांनी तो करू दिला.

ठावठिकाणा सापडला नाही, असे विश्वासरावांनी नारायणभाईंना सांगितले. आता सगळे संपले, अशी त्यांची खात्री होती. नारायणभाईंनी मात्र नियमांचे पुस्तक उघडले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. मृत्यूची नोंद नाही, तेव्हा हंबीरराव मृत धरता येत नाहीत. हद्द सोडल्याचीही नोंद नाही, तेव्हा ते हद्दीतच आहेत. सामान्य माणूस कुठेही जातो-येतो, त्याच्या वास्तव्याचा भरवसा काय? पण ज्याला सरकार अठ्ठेचाळीस वर्षे हद्दीत शोधत आहे, त्याचे वास्तव्य सरकारलाच नाकारता येणार नाही.

वरच्या साहेबांना हा मुद्दा इतका पटला की दाखला मुदतीच्या चार दिवस आधी मिळाला. निरुपमा नोकरीवर रुजू झाली. दाखल्याला एकच अट होती. आजोबा घरी आले नाहीत, असे विश्वासरावांनी दरवर्षी एप्रिलमध्ये समक्ष येऊन लिहून द्यायचे होते. ते देत राहिले. तिसऱ्या वर्षी नवीन कारकुनाने विचारले, "आणि आले तर?" विश्वासराव म्हणाले की आधी त्यांना जेवायला घालू.

बातमी भाऊबंदांत पसरायला वेळ लागला नाही. हंबीररावांचे नाव निघाले की उठून जाणारे चुलतभाऊ मोहनराव पेढे घेऊन आले आणि त्या थोर पुरुषाच्या आपणही किती जवळचे आहोत, ते सांगू लागले. त्यांच्या नातवाला दाखला हवा होता. दोन वर्षांत हंबीररावांना बावीस सख्खे नातू झाले. त्यांतल्या सहांची आडनावे काटकर नव्हती. बळवंतरावांना मात्र एकही उरला नाही. निष्कलंक आजोबा कोणाच्याच उपयोगाचे नव्हते.

या हकीकतीला जे वाचक हसले असतील, त्यांनी आज सवडीने घरातल्या पेट्या काढाव्यात आणि आपल्या आजोबांच्या नावाचा सरकारी शिक्क्याचा एखादा जुना कागद मिळतो का, ते पाहावे. नाही मिळाला, तर आजोबा सज्जन होते असे समजून दुसरे शोधायला लागावे. मिळाला, तर तो कोणाच्या आजोबांचा आहे याची चौकशी करू नये.