शेपूट गेली का?

कुणाकडे गोड बातमी आहे असं कळलं, की आमच्या शाळेतले जीवशास्त्राचे मोकाशी सर अभिनंदन करायच्या आधी विचारायचे, "कितवा आठवडा? शेपूट गेली का?"

माझ्या बायकोलाही विचारलं होतं. ती त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाही, आणि माझ्याशी चार. माझा काय दोष, देव जाणे!

वर्गात तर त्यांच्या उत्साहाला ऊतच यायचा. मासा, कोंबडी, ससा, माणूस, चौघांचे गर्भ फळ्यावर ओळीनं काढायचे. "बघा, सुरुवातीला सगळ्यांना शेपूट! मानेपाशी घड्या! माशात त्यांचे कल्ले होतात, तुमच्यात जबडा नि कान. एकाच घराण्यातले आहात, लाजता काय?" बाहेर गावातल्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट, आत यांचा.

मी मराठी शिकवणारा. मला त्या घराण्याशी देणंघेणं नव्हतं. पण आणीबाणीच्या आदल्या वर्षी या गृहस्थानं कहर केला. संस्थेचे अध्यक्ष भोईरदादा, जवळच्या पूर्णा गावचे, भातशेती सांभाळून चार लूम टाकलेले. लग्नानंतर सात वर्षांनी सुनेला दिवस गेले, म्हणून आनंदानं सांगायला शाळेत आले. आम्ही सगळे हात जोडतोय, आणि हे पुढे होऊन म्हणतात, "शेपूट गेली का, दादा?"

दादा आल्या पावली परत गेले.

शनिवारी शाळा सुटल्यावर दादांनी सरांना ऑफिसात बोलावलं. शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी शेजारी. टेबलावर टाइप केलेला कागद: 'माणसाच्या गर्भाला शेपूट असते हे माझे विधान खोटे आहे.' सही करा, नाहीतर राजीनामा द्या. मुख्याध्यापक नुसते घाम पुसत होते.

"अहो, करा सही," मी कानात पुटपुटलो. "एका शेपटीपायी नोकरी घालवता?"

सरांनी हात जोडले. "दादा, तुमचं मन दुखावलं त्याची माफी मागतो. पण हे खोटं नाही. सही करणार नाही."

दादांनी टेबलावर मूठ आपटली. "मंजे माजा नातू जनावर हाय?"

"तसं नव्हे. पोटातलं बाळ आधी मासा होऊन मग माणूस होत नाही. जुन्या पुस्तकांतल्या चित्रांत सारखेपणा फुगवलाय, हेही मी पोरांना सांगतो. एकच घराणं म्हणायला गर्भाचा पुरावा एकटा पुरत नाही, हाडांची साक्षही लागते. पण शेपूट असते."

"तू बगलीस काय? का पुस्तकात वाचून आमाला शिकवतोस?"

सरांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. संपलं, मला वाटलं. नोकरी गेली यांची.

"पाहिलीय," ते म्हणाले. "आमचं पहिलं. सहाव्या आठवड्यात, घरीच गेलं. तळहातावर घेतलं होतं मी. एवढंसं. शेपूट होती."

दादांनी टेबलावरची मूठ उचलून मांडीवर घेतली.

"पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ती जिरते, दादा. ती गेली म्हणजे मूल तेवढं तरी पुढे गेलं. म्हणून विचारतो सगळ्यांना. आम्हाला दुसरं झालंच नाही."

अकरा वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून डबा खात होतो, आणि त्या प्रश्नाला हसत होतो. लाज वाटली मला माझी.

दादांनी तो कागद ओढला, चार घड्या घालून खिशात टाकला आणि उठले. दाराशी जाऊन थांबले.

"दहावा आठवडा लागलाय, सर," ते हळूच म्हणाले.

"मग गेली," मोकाशी सर म्हणाले, आणि चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत बसले.