त्रेचाळीस खोकी आणि एक दाढ

"रविवारी सकाळी ही गाडी या टेबलावर उभी असेल. लाल, चकचकीत, चारही चाकांवर! नसली, तर ही सगळी खोकी तू खुशाल कोणालाही देऊन टाक. मी हूं की चूं करणार नाही!"

डॉक्टर हे बोलून गेले ते सोमवारी संध्याकाळी. बायकोनं लगेच "बरं" म्हटलं. तेव्हाच खरं तर त्यांनी सावध व्हायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं पहिल्याच फटक्यात "बरं" म्हटलं, असं आजवर कधी झालेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दातांच्या बाबतीत माणूस एकदम पक्का. दाढेतली कीड पाहिली की ती मुळापासून खणून काढल्याशिवाय खुर्ची सोडणार नाहीत. पण दवाखान्याबाहेर जिवाला स्वस्थता म्हणून नाही! त्यांना नाद होता प्लास्टिकच्या छोट्या गाड्यांचा. खऱ्या गाडीच्या चोवीस पट लहान, हुबेहूब गाडी. पण सुट्या भागांत. ते सुटे भाग कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे, की झाली गाडी. निदान खोक्यावर तरी तसं छापलेलं असतं. डॉक्टरांकडे अशी त्रेचाळीस खोकी होती. आणि तयार गाड्या किती? एकही नाही!

कारण अगदी साधं होतं. एक खोकं उघडून बसावं, दोन तुकडे कापावेत, की फोन टुणकन वाजायचा. 'आज फक्त चार वाजेपर्यंत निम्म्या किमतीत!' की निघाले हे. कधी झाकण फाटलेलं म्हणून स्वस्त, कधी खोकं भिजलेलं म्हणून स्वस्त, कधी दुकानच बंद होतंय म्हणून स्वस्त. रोग्याच्या तोंडात दोन्ही हात घालून डॉक्टर त्याला विचारायचे, "चाळीस टक्के सूट आहे, सोडावी का? तुम्हीच सांगा!" रोगी बिचारा "आँ आँ" करायचा. डॉक्टर ते होकारार्थी घ्यायचे.

आता नेमकी अडचण अशी आली, की सासूबाई रविवारपासून चार महिन्यांसाठी राहायला यायच्या होत्या. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला त्या एकट्या राहत. त्यांच्या इमारतीतले सगळे नळ बदलायला काढले होते. म्हणजे मागची खोली त्यांना द्यायची, आणि मागच्या खोलीत तर पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर खोकी, पलंगाखाली खोकी, कपाट उघडलं की अंगावर खोकी!

"याला छंद नाही म्हणत," बायको म्हणाली होती, "याला गोदाम म्हणतात. एक तरी गाडी केलीत का आजवर? एक दाखवा, मी सगळी खोकी नीट रचून त्याच खोलीत ठेवते. नाहीतर शनिवारी संध्याकाळी शाळेच्या मुलांना वाटून टाकते."

"शनिवारी नाही, रविवारी!" डॉक्टर हट्टाला पेटले होते. आणि मग ते वर सांगितलेलं बोलून गेले. बायकोनं लाल गाडीचं खोकं निवडलं, त्याचं झाकण काढून घेतलं आणि फ्रिजच्या दारावर चिकटवून टाकलं. "हीच गाडी हं. दुसरी चालणार नाही."

मंगळवारी डॉक्टरांनी सगळे तुकडे कापले. बुधवारी ते दातांच्या कानशीनं घासले. गुरुवारी दोन रोग्यांच्या मधल्या वेळात रंगाचा पहिला हात दिला, आणि शुक्रवारी दुसरा. हो, दवाखान्यातच! घरी बायको दर अर्ध्या तासानं दारातून डोकावून "झाली?" विचारायची, त्यानं रंग रेघेबाहेर जायचा. इकडे कसं, उजेड झकास, अवजारं बारीक, आणि विचारणारं कोणी नाही. गाडीचा वरचा सांगाडा असा काही लाल दिसायला लागला की डॉक्टरांना गहिवरूनच आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची गाडी पूर्ण होणार होती!

शनिवारी सकाळी तिसरा आणि शेवटचा हात दिला. रंग ओला, खिडकीतून धूळ येतेय, आणि बाहेर रोगी खोळंबलेले. डॉक्टरांनी घाईघाईनं सांगाडा समोरच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला, वर दुसरा ट्रे पालथा घातला आणि हात धुवायला गेले.

आता इथे सिस्टरबाईंबद्दल सांगायला हवं. सिस्टरबाई अकरा वर्षं त्यांच्याकडे कामाला होत्या. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, "ट्रेमध्ये जे असेल ते यंत्रात टाकायचं. विचारायचं नाही, बघायचं नाही, विसरायचं नाही!" यंत्र म्हणजे अवजारं कडक वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र. अकरा वर्षांत सिस्टरबाईंनी विचारलं नाही, बघितलं नाही आणि त्या एकदाही विसरल्या नाहीत.

अर्ध्या तासानं डॉक्टर एका मुख्याध्यापकांच्या दाढेत खोदत होते. मागून सिस्टरबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हे काय आहे हो?"

डॉक्टरांनी वळून पाहिलं. सिस्टरबाईंच्या चिमट्यात पिळून टाकलेल्या लाल मोज्यासारखं काहीतरी लोंबत होतं.

डॉक्टर त्यात चाकांची जागा शोधायला लागले.

"काही का असेना," सिस्टरबाई त्यांना धीर देत म्हणाल्या, "निर्जंतुक मात्र एकदम झालंय!"

मुख्याध्यापक खुर्चीत घाबरले. त्यांना वाटलं, हे आपल्याच तोंडातून निघालं. डॉक्टरांनी त्यांच्या दाढेत कापसाचा बोळा कोंबला, "सोमवारी या, सोमवारी या" म्हणत त्यांना अक्षरशः दाराबाहेर ढकललं आणि अंगातल्या पांढऱ्या कोटानिशी गाडीत बसले. घड्याळात पावणेबारा वाजले होते. उद्या सकाळी सासूबाई! डोळ्यांपुढे त्रेचाळीस खोकी आणि त्रेचाळीस शाळकरी मुलं नाचायला लागली.

ती लाल गाडी मिळायची एकाच दुकानात, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथूनच त्यांनी ती आणली होती, कोपरा चेपलेला म्हणून स्वस्तात. धापा टाकत डॉक्टर आत शिरले, आणि समोर मोठी पाटी. 'आज सगळ्यावर निम्मी सूट!'

काय सांगावं! माणूस जीव वाचवायला आलेला, पण पाटी वाचली आणि हात आपोआप फळीकडे गेले. दहा मिनिटांनी भानावर आले तेव्हा त्यांच्या काखेत तीन नवी खोकी होती, आणि लाल गाडी त्यात नव्हती.

"लाल गाडी?" दुकानदार एक गाल हातानं दाबून बोलत होता. "संपली. गेल्या महिन्यातच."

"अहो, असं कसं? बघा ना मागे कुठे!"

"मागे नाही, पुढे नाही, वर नाही. संपली म्हणजे संपली!"

डॉक्टरांनी हातपाय गाळले. ते मटकन स्टुलावर बसले, आणि बसल्या जागेवरून त्यांना काचेच्या कपाटात ती दिसली. तीच लाल गाडी! पण पूर्ण झालेली. चारही चाकांवर उभी, दिव्यांसकट, आरशांसकट, आणि रंग असा की त्यात आपला चेहरा बघून भांग पाडावा.

"ही द्या!"

"ती विकायची नाही. नमुन्याची आहे. आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक आहे, ते मला बनवून देतं. त्या बदल्यात मी त्यांना खोकी स्वस्तात देतो."

"मी पूर्ण किंमत देतो!" आयुष्यात हे वाक्य डॉक्टर पहिल्यांदाच बोलत होते. "सूट नको!"

"नाही म्हणजे नाही. त्यांनी विचारलं तर काय सांगू? स्स्स, आई गं!" दुकानदारानं गाल आणखी घट्ट दाबला.

डॉक्टरांचे डोळे चमकले. "दाढ?"

"तीन आठवडे झाले. हलतेय नुसती. रात्र रात्र झोप नाही."

"मग दाखवली का नाही?"

"भीती वाटते हो!" दुकानदार कळवळून म्हणाला.

डॉक्टर उठले. अंगातला पांढरा कोट त्यांनी हळूच नीट केला. "मी दातांचाच डॉक्टर आहे. आत्ता काढतो. फुकट. आणि कळणारसुद्धा नाही तुम्हाला. फक्त ती गाडी..."

दुकानदारानं गाडीकडे पाहिलं, गाल चाचपला, पुन्हा गाडीकडे पाहिलं. मग दुकानाला कुलूप लावलं. पण पक्का माणूस! वाटेत गाडी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला, आणि दवाखान्याच्या खुर्चीतही ती छातीशी कवटाळूनच आडवा झाला. "आधी दाढ, मग गाडी," एवढंच म्हणाला. इंजेक्शन दिलं, चिमटा लावला, दाढ बाहेर! खरंच त्याला कळलं नाही. त्याची मिठी सैल झाली तशी सिस्टरबाई तत्परतेनं पुढे झाल्या आणि गाडी उचलून ठेवायला लागल्या.

"ट्रेमध्ये नको!" डॉक्टर एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेरचे दोन रोगी उठून घरी गेले.

रविवारी सकाळी टेबलावर लाल गाडी उभी होती. बायको तिच्याकडे बघतच राहिली. झाकण आणून शेजारी धरून पाहिलं. आरसे मोजले. "अहो! तुम्ही केलीत? खरंच?"

"मग काय!" डॉक्टर म्हणाले. बोलताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मी उगाच बोलले तुम्हाला," ती हळूच म्हणाली, आणि खोकी खरोखर स्वतःच्या हातानं रचायला लागली. डॉक्टरांना वाटलं, सांगून टाकावं. पण तेवढ्यात दाराशी सासूबाई आल्या. बरोबर एक पिशवी आणि दोन भल्यामोठ्या ट्रंका.

"आई, आधी इकडे ये! हे बघ यांनी काय केलंय!"

सासूबाईंनी गाडी हातात घेतली. चष्मा कपाळावर चढवला, गाडी डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, सुलटी केली.

"सुरेख," मग म्हणाल्या. "रंगाचे हात किती दिलेत, जावईबापू?"

"हात? भरपूर!"

"मधे मधे घासलंत कशानं?"

"ब्रशनं. म्हणजे... गोल गोल फिरवून. वरून खाली."

"असं होय! आणि आतला हा गालिचा कशाचा?"

गाडीत गालिचा आहे हेच डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. "प्लास्टिकचा. खोक्यातच येतो तो."

"काय आई, तुला काय कळतं त्यातलं?" बायको हसून म्हणाली. "यांना दमवू नकोस. चहा टाकते मी."

"मला कुठलं काय कळतंय, बाई!" सासूबाई म्हणाल्या. मुलगी आत गेल्याची खात्री केली, आणि मग खुर्ची ओढून डॉक्टरांच्या अगदी समोर बसल्या.

"जावईबापू, गालिचा माझ्या जुन्या शालीचा आहे."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच गाडीच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं.

"रंगाचे हात सात. गेला संपूर्ण उन्हाळा गेलाय माझा या गाडीत. काल संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला. सुजलेल्या तोंडानं बोलत होता बिचारा. कोणी एक डॉक्टर दाढ उपटून गाडी घेऊन गेला म्हणे. मी म्हटलं, असलं ध्यान कोणाच्या घरात असेल देव जाणे!"

"आई, चुकलं माझं," डॉक्टर हात जोडून म्हणाले. "हिला सांगू नका. ही खोकी तेवढी... माझ्या जिवाची आहेत हो ती!"

"सांगायची सोय आहे का मला?" सासूबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती मला साधी सुई हातात घेऊ देत नाही. मी ही असली कामं करते हे तिला कळलं, तर माझं काही खरं नाही. तेव्हा तुम्ही गप्प, मी गप्प. खिडकीजवळचं टेबल माझं. आणि त्या ट्रंका जरा जपून आत न्या, कपड्यांच्या नाहीत त्या."

डॉक्टरांनी ट्रंका उचलल्या. आत काहीतरी खुळखुळलं. खोलीत नेऊन उघडल्या, तर एकतीस खोकी! आणि एकूण एक त्यांच्यापेक्षा स्वस्तात घेतलेली!

त्याला आता तीन महिने होत आले. दर महिन्याला त्या घरात एक नवी गाडी तयार होते. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवते, "आई आल्यापासून यांना कसा हुरूप आलाय बघा!" आणि डॉक्टर मान खाली घालून हसतात. लोकांना तो विनय वाटतो. खोलीचं दार आतून लावलेलं असतं. आत डॉक्टर तुकडे कापून देतात, साबणानं धुतात, पुसतात आणि सासूबाईंच्या डोक्यावर बॅटरी धरून उभे राहतात. हात हलला की बोलणी खातात. फोन टुणकन वाजला की सासूबाई नुसत्या चष्म्यावरून बघतात, आणि ते फोन बंद करतात.

गेल्या रविवारी मात्र सासूबाई प्रसन्न होत्या. त्यांनी डॉक्टरांना एक चाक लावायला दिलं. मागचं, डाव्या बाजूचं. डॉक्टरांनी श्वास रोखून, जीव ओतून ते लावलं.

सासूबाईंनी ते चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, "छान," म्हणाल्या, आणि उपटून पुन्हा स्वतः लावलं.