दोधूकाकांच्या वयाचा निकाल

मोलगीपलीकडच्या डोंगरातून आपल्या प्रबंधासाठी चुनखडीच्या दगडांची दोन पोती घेऊन धर्मेंद्र तापीकाठच्या आपल्या गावी पोचला, तेव्हा त्याला फक्त झोपायचं होतं. आठवडाभर कडे चढून-उतरून त्याच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. पण ओट्यावर वडील रतिलाल आणि शेजारी राहणारे त्यांचे चुलतभाऊ दोधूकाका समोरासमोर बसले होते, आणि दोघांचे आवाज ऐकूनच त्याने ओळखलं की भाऊबंदांत कुणाचं तरी लग्न आहे.

लग्न काजलचं होतं, परवा. मांडवात पहिला फेटा भाऊबंदांतल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बांधायचा, हा रिवाज. वरची पिढी संपली आणि हा मान खाली घसरत घसरत रतिलाल आणि दोधूकाका यांच्यापाशी येऊन अडकला. मास्तरांनी दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं होतं आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे दोघांनाही एकच जन्मतारीख ठोकून दिली होती, एक जून. सालही तेच. अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं, त्यामुळे आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"दाखला चुल्हामा घाल! मी मोठा शे," दोधूकाका म्हणाले.

"तू कसाना मोठा? हाऊ देख, मन्हा पोऱ्या ऊना!" रतिलाल उठून उभे राहिले. "तो दगडनं वय काढस. कोटी कोटी वरीसनं! माणूसनं काढाले कितला येळ?"

पोतं अजून धर्मेंद्रच्या खांद्यावरच होतं. "बाबा, माणूसनं तसं निंघत नही."

"काबर? दगड जुना का माणूस?" दोधूकाकांनी विचारलं. "जुनानं निंघस, ते नवानं ते लगेच निंघाले पाहिजे."

या तर्काला उत्तर द्यायचं तर आधी पाणी प्यायला हवं होतं. धर्मेंद्र पाणी पिऊन बाहेर येईस्तोवर बातमी गल्लीभर झाली होती. रूपलीबाई मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो घेऊन दारात हजर. "पस्तीसना सांगतस. खरं वय काढी दे ना भाऊ."

"मावशी, फोटोवरून कसं काढू?"

"फोटो कागदना शे, कागद झाडना शे," रतिलालच मध्ये बोलले. "आन तूच ते सांगे, झाडमा कार्बन ऱ्हास."

आपणच शिकवलेलं आपल्या अंगावर आलं की माणूस जास्त थकतो. धर्मेंद्र पायरीवर बसला आणि शेवटचं म्हणून समजावू लागला. कार्बन हलका असतो, तसा जडही असतो. एखाद्या काळी समुद्रात त्यांचं प्रमाण बिघडलं, की तेव्हा तळाशी बसलेल्या थरांत तीच खूण उमटते, जगात कुठेही. एखाद्या ठिकाणच्या खुणेचं वय ठाऊक असलं, की तिच्याशी आपला थर ताडून पाहायचा. आणि सगळ्यांच्या आधी एक साधा नियम: खालचा थर जुना, वरचा नवा.

"म्हंजे तू वय मोजत नही, ताडस," दोधूकाका म्हणाले. "मंग आमीबी तेच करतस! टोळधाडनी खूण धरा. बलावा वत्सलाबाईले."

वत्सलाबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिला दोघांनी धरून आणलं. तिने ओट्यावर टेकून आधी दम खाल्ला. "टोळ उनात त्या साले मी नवी नवरी व्हतू. दोधू आंगणमा रांगे. रतिलाल मायना पोटमा व्हता."

"टोळधाड दोनदा ऊनी व्हती!" रतिलाल ओरडले.

धर्मेंद्रने डोळे मिटले. एकसारखी खूण दोन वेगळ्या काळांतही सापडते, हाच आक्षेप त्याच्या मार्गदर्शकांनी घेतला होता आणि त्यापायी त्याचा प्रबंध रखडला होता.

"टोळ कितलाबी येळ येवोत," वत्सलाबाई म्हणाली. "रतिलाल जनमना, तवय दोधूनं उतरेल झबलं मीच त्याले घालं."

सगळे धर्मेंद्रकडे पाहू लागले. रतिलालही, आणि त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. धर्मेंद्रला वाईट वाटलं. पण पुरावा पुरावा होता, आणि झोपही अनावर झाली होती. तो म्हणाला, "काका मोठा शेतस."

दोधूकाका उठले आणि रोजच्या सवयीने थेट स्वयंपाकघरात शिरले. "वहिनी, चहा ठेव! साखर जास्ती!"

चुलीपाशी धर्मेंद्रच्या आईने, सिंधुबाईंनी, सगळं ऐकलं होतं. त्यांनी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. "धर्मा, तुन्हा मोठा बाबाले सांग, भाईर बठा. जेठ चुल्हाजोडे येत नसतस."

दोधूकाका जागीच थिजले. बायको गेल्यापासून त्यांचा सकाळ-संध्याकाळचा चहा आणि जगाची उणीदुणी याच चुलीपाशी व्हायची. भावजयीची थट्टा करायची, तिने वर दोन टोले हाणायचे, हा धाकट्या दिराचा हक्क. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, मात्र भावजय पदर वर करत नाही की शब्द बोलत नाही. ओट्यावर मोठेपणा सांगायचा आणि चुलीपाशी धाकटेपण वसूल करायचं, ही सोय इतकी वर्षं कुणाच्या ध्यानातच आली नव्हती.

चहा बाहेर आला, धर्मेंद्रच्या हातून, पातळ आणि बिनथट्टेचा. दुसऱ्या दिवशीही तेच. "वहिनीले इचार, कंबर दुखस का," असं दोधूकाकांनी म्हणायचं, धर्मेंद्रने आत जायचं. "सांग, दुखस," असं आतून यायचं, त्याने बाहेर यायचं. डोंगरात त्याची एवढी पायपीट झाली नव्हती. झोप तर बाजूलाच राहिली.

लग्नाच्या सकाळी दोधूकाकांनी त्याला पोत्यांच्या आडोशाला ओढलं. "धर्मा, तुन्हा तपासमा चुकी व्हई सकस ना?"

"व्हस, काका."

"नमुना खराब निंघस?"

"निंघस. पण मंग फेटा जाई."

"फेटा संध्याकाळले सुटस," दोधूकाका म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं. "मन्हा घरमा मन्हासंगे बोलणारं कोण शे?"

आयुष्यात प्रथमच धर्मेंद्रने ठरवून खोटा निकाल दिला. मांडवात उभं राहून त्याने जाहीर केलं की झबल्याचा पुरावा ग्राह्य नाही, नमुना दूषित आहे, सबब रतिलाल मोठे. रतिलालची छाती फुगली आणि फेटा चढला. वत्सलाबाई काहीतरी बोलू पाहत होती, पण तेवढ्यात बँड सुरू झाला.

दोधूकाका गर्दीतून वाट काढत बायकांच्या घोळक्यापाशी गेले आणि भीत भीत म्हणाले, "वहिनी?"

सिंधुबाईंनी पदर मागे सारला आणि त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

"दोधूभाऊ, धाकला व्हवाले इतला उशीर?"